पुसलेलं पान

पुस्तक कुठपर्यंत वाचलं गेलंय हे कळायला ते उघडावं लागत नाही. मिटलेलं पुस्तक हातात घ्यायचं आणि जिथून आपण पानं उलटतो ती कड उजेडाकडे धरायची. ज्या पानांना हात लागलेत त्यांची कड मळते, बाकीची पांढरी राहते. जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर हा मळाचा पट्टा पहिल्या शंभर पानांतच संपतो, मग नेणारा काउंटरवर कितीही भारावून बोलो. रहस्यकथा सबंध काळी. कवितासंग्रह बहुधा आला तसाच गोरापान. तेहेतीस वर्षं डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर बसून मी मिळवलेली विद्या ती ही एवढीच. निवृत्तीनंतर तिचा उपयोग शून्य. घरात पुस्तकं आहेत, पण मळवणारी मी एकटीच.

वाचनालय पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. खाली फरसाणवाला. दुपारी तीनला त्याची कढई तापली की आमच्या अख्ख्या मराठी वाङ्मयाला शेवेचा वास यायचा. ठाण्याला बाळकुमच्या नव्या इमारतीत राहायला गेलेला एक सभासद मला म्हणालेला, "मॅडम, बाविसाव्या मजल्यावर तुमचं पुस्तक उघडलं की भूक लागते हो." मी म्हटलं, साहित्याने निदान तेवढं तरी केलं.

लोकांना वाटतं, वाचनालयात नोकरी म्हणजे दिवसभर आरामात वाचायचं. कसलं वाचताय! परत आलेलं पुस्तक उघडायचं, झटकायचं, सुटलेलं पान चिकटवायचं, दाखल नोंद बघायची, कपाटात लावायचं. झटकल्यावर औषधांच्या रिकाम्या पट्ट्या पडतात, लग्नपत्रिका पडतात, एकदा सुकलेली मेथीची काडी पडली होती. आणि या सगळ्यात मोठं काम म्हणजे पेन्सिलीच्या खुणा पुसणं. आमच्या वाचकांना ओळी अधोरेखित केल्याशिवाय पुस्तक वाचल्यासारखं वाटत नाही. समासात 'वा!', 'खरे आहे', 'लेखकास काही कळत नाही' असंही लिहितात. पेनाने लिहिलं तर इलाज नाही, पण पेन्सिल पुसायचीच, असा कार्यकारिणीचा नियम. दुपारी वर्दळ नसताना मी खोडरबर घेऊन बसायची. टेबलावर चुरा साठायचा तो वाटीत गोळा करायचा.

त्यात माझा स्वतःचा एक नियम होता. पुसायचं ते वाचायचं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलं होतं. आमच्याच गल्लीतल्या एका बाईने एका कथेतल्या नवऱ्याच्या मारहाणीच्या सगळ्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या, आणि एका जागी नुसती तारीख घातली होती. त्यानंतर ती बाई भाजी घेताना भेटली तरी मला तिच्याशी धड बोलता येईना. तिचं काही मी ऐकलं नव्हतं, तिने काही सांगितलं नव्हतं, तरी मला माहीत होतं. तेव्हापासून ठरवलं की नजर रबरावर ठेवायची, अक्षरावर नाही. डॉक्टरला शोभेल असा हा नियम आहे, असं मला वाटायचं. मी नव्या माणसांना तो मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आता त्या कादंबरीबद्दल. नाव मुद्दामच देत नाही. दिलं तर तुम्ही ती शोधायला जाल आणि शिव्या मला द्याल. गोष्ट साधी आहे. एक जोडपं, बायको आजारी पडते, बरोबर मध्यावर, एकशे अठराव्या पानावर ती जाते, आणि उरलेल्या अर्ध्या पुस्तकात नवरा त्या घरात एक वर्ष काढतो. बस. पुढे काही घडत नाही. तो दूध आणतो, नळ दुरुस्त करून घेतो, तिच्या बहिणीचा फोन घेत नाही. आमच्याकडे तीन प्रती होत्या आणि तिन्ही कायम बाहेर असायच्या.

या कादंबरीची कड मी तेहेतीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची पाहिली नाही अशी होती. एकशे अठरापर्यंत काळी, मग बरीच पानं पांढरी, आणि शेवटची पाच-सहा पानं पुन्हा काळी. म्हणजे बाई गेली की लोक थांबायचे. मग धीर करून एकदम शेवट उघडायचे, तो माणूस सावरला का बघायला. मधलं वर्ष कुणाला नको होतं.

पाटणकर म्हणून एक होते, केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहिलं की अशी रडकी पुस्तकं घेऊन वाचनालय ज्येष्ठ नागरिकांचं खच्चीकरण करत आहे. दोन महिन्यांनी तीच कादंबरी मागायला आले. म्हटलं, "काका, खच्चीकरण?" तर म्हणाले, "सौभाग्यवतीला हवीये." त्यांच्या सौभाग्यवती मला ओळखत होत्या. त्या फक्त पाककृती वाचायच्या. पुन्हा दिवाळीनंतर आले, तेव्हा मेहुण्याला हवी होती. मी शिक्का मारून दिली.

एका प्रतीत एकशे चाळिसाव्या पानावर कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'खोटे. असे होत नाही.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, लाल पेनाने, 'होते.' पेन असल्यामुळे ते पुसता आलं नाही. म्हणून तेवढं मला वाचावं लागलं.

आणि एक मुलगा आला होता, तिशीच्या आतबाहेरचा, वडिलांचं कार्ड परत करायला. काउंटरवर कार्ड ठेवलं आणि उभाच राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू? रडायला येईल असं काही आहे का? बाबा जाऊन महिना झाला. सगळं केलं मी, हॉस्पिटल, सर्टिफिकेट, सगळं. पण रडायलाच येत नाहीये यार. घरचे समजतात मला काही पडलेलीच नाही." नियमाप्रमाणे तो सभासद नव्हता. मी माझ्या नावावर ती कादंबरी दिली. वीस दिवसांनी घेऊन आला. विचारलं, "आलं का रडू?" म्हणाला, "नाही. पण त्या माणसालाही नाही आलं ना शेवटपर्यंत. मग मला बरं वाटलं." एवढी बुद्धी मला ती कादंबरी दोनदा वाचूनही आली नव्हती.

या सगळ्यांत तावडेबाई वेगळ्या. कोपरला राहायच्या, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. हातात पेन्सिल असल्याशिवाय त्यांना वाचताच यायचं नाही. आमची वीस वर्षं त्यावरून भांडणं.

"तावडेबाई, पुस्तक तुमच्या एकट्यांचं आहे का?"

"नाही ना. म्हणून तर पेन्सिलीने लिहिते. तुम्ही पुसा."

"माझे हात दुखतात."

"मग वाचा आणि पुसा. नुसतं पुसल्यावर दुखणारच."

दर दिवाळीला माझ्यासाठी त्या एक नवा खोडरबर आणायच्या, पांढराशुभ्र, चांगल्यातला. "ही तुमची भाऊबीज," म्हणायच्या. मी हसून घ्यायची आणि वर्षभर त्याच रबराने त्यांचंच लिहिलेलं पुसायची.

मग त्या आजारी पडल्या. त्यांच्याऐवजी त्यांचे यजमान, तावडे, यायला लागले. ते मेटलच्या कारखान्यात फोरमन होते, उंच, कमी बोलणारे. आयुष्यात वर्तमानपत्राशिवाय काही वाचलेलं नाही, असं स्वतःच सांगायचे. बाईंची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवायचे, मी पुस्तक काढून द्यायची. एकदा चिठ्ठीत त्या कादंबरीचं नाव आलं. मला काही ते रुचेना. मी तिच्याऐवजी एक विनोदी लेखांचं पुस्तक दिलं आणि ती बाहेर गेलीय म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तावडे विनोदी पुस्तक घेऊन हजर. सोबत चिठ्ठी: 'सामंतबाई, मी पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलाय. मला चौथीतलं पोर समजू नका. तीच पाठवा.'

पाठवली. दोनदा मुदत वाढवून घेतली त्यांनी. आमच्याकडे एकदाच वाढवता येते, पण ते मी न बघितल्यासारखं केलं. मग एका बुधवारी तावडे ती परत घेऊन आले. "हिला ॲडमिट केलंय," म्हणाले. "म्हणाली परत करून या." मी तब्येतीची चौकशी केली, ते "ठीक" म्हणाले आणि गेले.

त्या दुपारी मी रबर घेऊन बसले. इतक्या खुणा बाईंनी कधीच केल्या नव्हत्या, तेही एकशे अठराच्या पुढे, जिथे कुणाचा हात लागत नव्हता तिथे. मी पुटपुटत पुसत गेले. अगदी शेवटी, छापील मजकूर संपल्यावर जे एक कोरं पान असतं, त्यावर काही ओळी लिहिलेल्या होत्या. समासातली शेरेबाजी नव्हती, नीट ओळीत लिहिलेलं होतं. मला ते जाणवलं. क्षणभर हात थांबला. पण नियम म्हणजे नियम. आजारी बाईने कादंबरी वाचून काय लिहिलं असेल ते तिचं तिला, असं म्हणून मी नजर वळवली आणि वरून खाली पुसून काढलं. रबर त्यांचाच होता, मागच्या दिवाळीचा.

त्यानंतर महिन्याभराने तावडे आले. हातात चिठ्ठी नव्हती. बाई गेल्या होत्या. मी काउंटरमागून उठून बाहेर आले, बसा म्हटलं, पाणी दिलं. ते पाणी प्याले आणि म्हणाले, "ते शेवटचं पुस्तक जरा बघायला मिळेल का, मॅडम?"

"का हो?"

"हिच्या शाळेतल्या एक बाई काल भेटायला आलेल्या. त्या म्हणाल्या, रेखा हॉस्पिटलात सांगत होती, मला तोंडावर बोलता येत नाही, म्हणून ह्यांच्यासाठी पुस्तकात लिहून ठेवलंय."

पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं. मी म्हणाले, "बाहेर गेलंय. आठवड्याने या." तेहेतीस वर्षांत वाचकांशी मी पुष्कळ खोटं बोलले आहे, चांगली पुस्तकं ओळखीच्यांसाठी लपवून ठेवली आहेत. पण इतकं भेकड खोटं त्याआधी बोलले नव्हते.

ते आठ दिवस मी ती प्रत घरी आणून ठेवली. सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीशी धरली, भिंग लावलं, पेन्सिलीचं टोक आडवं करून पानावर हलकेच फिरवण्याचाही मोह झाला, पण धीर झाला नाही. काही दिसेना. माझं काम चोख होतं. दुसरी कुणी असती तर एखादी मात्रा, एखादा अर्धा शब्द राहिला असता. सहाव्या दिवशी माझ्या मनात आलं की बाईंच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत, त्यांचं अक्षर मला पाठ आहे, चार ओळी मला लिहिता येतील. 'जेवण वेळेवर करत जा.' कुठली बायको याहून वेगळं लिहिते? मी पेन्सिलीला टोकसुद्धा केलं. मग ते टोक बघून माझी मलाच शिसारी आली, आणि पेन्सिल कंपासात टाकून दिली.

तावडे ठरल्या दिवशी आले. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. "लिहिलेलं होतं. मी पुसलं. आमच्याकडे पुसायची पद्धत आहे."

त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही वाचलं असेल ना पुसताना? थोडं तरी?"

"नाही. मी वाचत नाही. माझा तसा नियम आहे."

हे वाक्य मी किती वेळा ऐटीत बोलले असेन. त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडताना मला माझी लाज वाटली.

"एक शब्द?"

"नाही."

"किती होतं? एक ओळ, दोन ओळी?"

हे मात्र मला माहीत होतं. रबराला ओळी कळतात. "नऊ-दहा ओळी होत्या. अर्ध्या पानाच्या खालीपर्यंत."

"नऊ-दहा," ते म्हणाले. "एवढं ती माझ्याशी एका दमात कधी बोलली नाही." मग म्हणाले, "तुम्ही एकट्यांनी नाही पुसलं, मॅडम. पुस्तक देताना ती मला म्हणालेली, परत करण्याआधी बघून घ्या. मी बघितलं. तिची ही सवय, काहीबाही ठेवते पुस्तकात. म्हणून आत काही राहिलं नाही ना एवढं बघितलं. उलटं धरलं, झटकलं, आणि आणून दिलं तुम्हाला."

आम्ही दोघं मग खिडकीशी गेलो. खाली कढईत शेव पडत होती. त्यांनी कोरं पान उजेडात तिरपं धरलं, चष्मा काढला, परत लावला. मग आंधळा माणूस वाचतो तसं बोट फिरवायला लागले, वरून, डावीकडून. पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला बोट थांबलं.

"इथे लागतंय. ही सुरुवात करताना दाबून लिहायची. हे बघा. 'अहो' आहे. 'अहो' लिहिलंय."

मी वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही. आठ दिवस मी तीच जागा भिंगाखाली बघत होते.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "'अहो'च आहे."

ते खरं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. कारखान्यात आयुष्यभर पत्र्यावर बोट फिरवून खोट शोधलेला माणूस होता तो. माझ्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते त्याच्या बोटाला लागलं असेल. किंवा नसेलही लागलं.

मी म्हटलं, ही प्रत मी नोंदीतून बाद करते, तुम्ही घरी घेऊन जा. त्यांनी मान हलवली. "नको. घरी ठेवलं तर मी दुसरं काही करणार नाही. नियमाप्रमाणे द्या, पंधरा दिवस." बाईंचं कार्ड त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलं. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आणायचे, मुदत वाढवायचे, महिन्याने जमा करायचे. मग काउंटरसमोरच्या बाकावर तासभर बसायचे. तेवढ्यात कुणी दुसऱ्याने ती प्रत मागितली तर "घ्या, घ्या" म्हणायचे आणि रिकाम्या हाताने कोपरला जायचे. नाही मागितली तर पुन्हा नावावर लिहून न्यायचे. मला वाटायचं नुसतीच नेतात. पण एकदा म्हणाले, "त्या नवऱ्याने बायकोच्या बहिणीचा फोन घ्यायला हवा होता, मॅडम. मी घेतो हिच्या बहिणीचा." एकशे बासष्टावं पान होतं ते. तिथपर्यंत क्वचित कुणी पोहोचायचं.

रबर मी त्यानंतर सोडला. कार्यकारिणीला सांगितलं, बोटं दुखतात, दुसऱ्या कुणाला द्या हे काम. दुखत होतीच. नवीन आलेल्या मुलीला काम समजावताना मी म्हटलं, पुसण्याआधी वाचत जा. ती म्हणाली, "अहो मॅडम, एवढा टाइम कुठेय?" तिचंही बरोबर होतं.

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं सगळं झालं. पाटणकरांनी माझ्यावर कविता केली होती, ती मी सहन केली. सगळे खाली सामोसे खायला गेल्यावर मी कपाटाशी गेले. ती प्रत जागेवर होती. तावडे आदल्या दिवशीच जमा करून गेले होते. मी ती उघडली नाही. मिटलेलीच उजेडाकडे धरली.

कड एकशे अठराच्या पुढेही मळली होती, फिकट, एकाच माणसाच्या हाताने मळावी तेवढी. आणि अगदी शेवटी, जिथे छापलेलं काही नाही, तिथे एक बारीक, अधिकच काळी रेघ होती. सबंध पुस्तकात तेवढं एक पान सगळ्यात जास्त वाचलं गेलं होतं.